भादव्यातला भाव

रविवारी सकाळी प्रतापनगरच्या चौकात पोह्यांच्या गाडीवर बंडू पेटला. हातात तर्रीपोह्यांची प्लेट, तोंडात शेअर बाजार.

"बौमन आणि जेकबसन म्हणून दोघं अभ्यासक होते. त्यायनं ३७ देशांचे बाजार तपासले, २००२ मध्ये छापलं. ३६ देशांत नोव्हेंबर ते एप्रिल भारी, मे ते ऑक्टोबर थंडा. आता आपल्या इकडच्या वीटभट्ट्या पाय. साधारण त्याच महिन्यांत पेटतात. छत्तीसगडचे मजूर दिवाळीनंतर येतात, पाऊस लागला का धानाच्या रोवणीले परत. सारा ऋतूचा खेळ हाय, भाऊ."

दादा सेंट्रिंगची कामं घेतात. ते म्हणाले, "बाजाराचा हंगाम टिकत नाही बे. अमेरिकेत जानेवारीत छोट्या कंपन्यायचे शेअर चढतात, हे सगळ्यायले कळलं, तं लोकं डिसेंबरातच घ्यायला लागले. ती चढण पुष्कळ ओसरली."

हे मला पटलं, आणि तिथंच अडलो. रोवणी कधी येते हे पिढ्यान्‌पिढ्या मालकाला माहीत, मुकादमाला माहीत, मजुरालाही माहीत. तरी मजुराच्या पदरात त्याचा फायदा पडत नाही. काहून?

गेल्या उन्हाळ्यात कामठी रोडकडे विटा आणायला गेलो तेव्हा मुकादमाची वही उघडी पडली होती. पानाच्या माथ्यावर उचल, म्हणजे मजुराला आगाऊ दिलेला पैसा, खाली आठवड्याची खर्ची, कोपऱ्यात हजार विटांचा भाव. उचलीची तारीख भादव्यातली. धान शेतात उभं, घरची कोठी रिकामी. नेमक्या त्या दिवसांत पैसा हातावर पडतो आणि पुढच्या सहा महिन्यांच्या कामाचा भाव तेव्हाच ठरून जातो.

"बंडू," मी म्हटलं, "तुझा शेअरवाला मंदीत घेतो, तेजीत विकतो. हा माणूस दरसाल मंदीतच आपले हात विकतो. पाऊस त्याले गावी नेतो, पण परत आणते ती उचल. हिशेबात बाकी राहिली का पुढच्या सालच्या पानावर चढते."

"अन् उचल नसती तं भादव्यात खाल्लं काय असतं त्यानं?"

प्रश्न खरा होता. मी गप्प झालो. दादांनी प्लेट खाली ठेवली.

"मी पोळ्याले पैसे देतो माझ्या पोरायले. रोजी मात्र तेव्हा नाही ठरवत. कामावर आले का मजुरायच्या ठिय्यावर जो भाव चालू असन, तो."

"अन् पैसे घेऊन आलेच नाही तं?"

"एका साली दोघं नाही आले. सतरा आले."