टेकूवरचा जिना आणि आतली चकचकीत फरशी

गिरगावातील आमच्या चाळीचा जिना गेली कित्येक वर्षे लाकडी टेकूंवर उभा आहे, आणि त्याच जिन्याने वर जाऊन कोणत्याही बिऱ्हाडात डोकावले तर आत नवी फरशी, ग्रॅनाइटचा ओटा आणि भिंतीवर एसी दिसतो. पाहुणे मालकाला कंजूष म्हणतात, मालकाचा मेहता आम्हाला फुकटे म्हणतो. मला मात्र दोघांच्या स्वभावात खोट दिसत नाही. दोघांनाही हिशेब येतो, एवढेच.

1947 च्या भाडे नियंत्रण कायद्याने मुंबईतील जुन्या घरांची भाडी सप्टेंबर 1940 च्या पातळीवर गोठवली. युद्ध आणि फाळणीनंतरच्या टंचाईत भाडेकरू रस्त्यावर येऊ नये, हा हेतू रास्तच होता. पण तात्पुरता म्हणून आलेला हा कायदा मुदतवाढींवर अर्धे शतक टिकला. 1999 च्या नव्या कायद्याने वर्षाला 4 टक्के वाढ दिली खरी, परंतु पाया जवळपास तोच जुना राहिला. आमच्या भाडेपावतीवरची रक्कम आजही तीन आकडीच आहे. एवढ्या भाड्यात जिना दुरुस्त करणारा मालक दानशूर म्हणावा लागेल, आणि दानशूरपणावर शहराची घरे उभी राहत नाहीत. त्याची खरी कमाई होते ती खोली हस्तांतरित होताना, नव्या भाडेकरूने एकरकमी मोजलेल्या पागडीतल्या साधारण तिसऱ्या हिश्शातून; म्हणजे इमारत टिकवण्यापेक्षा भाडेकरू बदलण्यातच त्याला रस. उलट खोलीचा ताबा पिढ्यान्‌पिढ्या आमच्याकडेच राहणार, म्हणून आम्ही उंबरठ्याच्या आत लाखो रुपये घालतो आणि उंबरठ्याबाहेर दमडी नाही. जिना सगळ्यांचा, म्हणून कुणाचाच नाही.

यावर सरकारने पुनर्विकासासाठी वाढीव एफएसआयचे, म्हणजे त्याच भूखंडावर जादा बांधकामाच्या परवानगीचे, आमिष ठेवले. विकास नियंत्रण नियमावलीतील नियम 33(7) खाली जुन्या भाडेकरूंच्या पुनर्वसनाला जेवढे क्षेत्र लागेल, त्याच्या प्रमाणात विकण्यासाठी जादा क्षेत्र मिळते, आणि प्रत्येक भाडेपावतीला किमान ठरावीक आकाराचे घर, जे पूर्वी 225 चौरस फूट होते आणि पुढे 300 झाले. आता एका खोलीच्या दोन पावत्या केल्या तर भाडेकरूचे एक घर वाढते आणि बिल्डरचे क्षेत्रही वाढते, मग खोलीत मधे भिंत घालण्याचा मोह कुणाला होणार नाही? भाडेकरूंच्या पात्रतेसाठी 13 जून 1996 ही शेवटची तारीख नियमात घालावी लागली, यातच सगळे आले.

भाडे नियंत्रण एका फटक्यात रद्द करा, असे म्हणणाऱ्यांशीही मी सहमत नाही. ज्याने पागडी म्हणून घराच्या किमतीच्या जवळपास रक्कम मोजली, त्याला निव्वळ भाडेकरू समजून बाजारभाव लावणे हा दुसरा अन्याय होईल.

माझा चुलतभाऊ पंधरा वर्षे डोंबिवलीत राहतो, पण त्याचे नाव चाळीतल्या रेशनकार्डावर आहे, कारण काकांच्या पश्चात भाडेहक्क त्यांच्यासोबत राहणाऱ्या कुटुंबीयाकडेच जातो. काका थकले आहेत, त्यांना कायमचे मुलाकडे जायचे आहे. तरीही महिन्यातून चार रात्री ते टेकू धरत तो जिना चढतात, खोलीत दिवा लावतात आणि राहत असल्याचा पुरावा म्हणून वीजबिल जपून फाइलीत ठेवतात.