चिमूटभर मीठ, मूठभर साखर आणि चाणक्याचं बोट

‘बोटं असताना मोजमापं कशाला? चाणक्याने सांगितलेलं शरीरमाप, जे डॉक्टर लपवतात!’ असा एक फॉरवर्ड सध्या फिरतोय. फिरेना का, म्हणून मी सोडून दिलं होतं. पण परवा भाचीच्या वर्षाच्या लेकाला जुलाब लागले आणि आत्याबाईंनी तिला नेमका तोच पाठवला, वर ‘ओआरएसचं पाकीट आणू नकोस, यातलं कर’. आता गप्प बसवत नाही.

तर पहिला तोच मुद्दा. ‘एक ग्लास पाण्यात तीन बोटांची चिमूट मीठ, मूठभर साखर. ओआरएसचं केमिकल नको.’

हे धड खोटंही नाही, अर्धवट उचललेलं आहे, म्हणून जास्त घातक. 1980 पासून बांगलादेशात ब्रॅक या संस्थेने घरोघरी जाऊन आयांना हेच शिकवलं: तीन बोटांची चिमूट मीठ, मूठभर गूळ आणि अर्धा शेर पाणी. अर्धा शेर म्हणजे जवळपास अर्धा लिटर. शिकवणाऱ्या बायका आईकडून समोर करवून घ्यायच्या, मागाहून तपासनीस यायचे आणि आईच्या किती लक्षात राहिलंय त्यावर त्या बायकांचा पगार ठरायचा. आपल्या फॉरवर्डवीराने चिमूट उचलली, पाणी मात्र अर्ध्या शेरावरून ग्लासावर आणलं. घरातला ग्लास जेमतेम दोनशे मिलिलिटरचा. म्हणजे खारटपणा दुपटीच्या वर. रक्तात मीठ वाढलं की लहान मुलाला झटके येऊ शकतात. आणि पाणी फार गोड झालं तर साखर आतड्यात उलट पाणी ओढून घेते, जुलाब वाढतात.

शिवाय चिमूट कोणाची? घरातल्या तिघांना एका ताटात चिमूट टाकायला सांगा. आमच्या सासऱ्यांची बोटं कुदळ धरून जाड झालेली, त्यांच्या चिमटीचा ढीग नणंदेच्या ढिगाशेजारी ठेवला तर एकाच मापाचे आहेत असं कोणी म्हणणार नाही. त्यात बारीक मीठ वेगळं, खड्याचं वेगळं.

‘केमिकल’ म्हणजे काय, तर मीठ, ग्लुकोज, पोटॅशियम क्लोराइड आणि सायट्रेट, मोठ्या पाकिटात मिळून 20.5 ग्रॅम, एक लिटर पाण्यासाठी. जुलाबात पोटॅशियमही जातं. ते चिमटीत कुठून येणार? पाकीट खरंच मिळत नसेल तर एक लिटर स्वच्छ पाणी, सहा सपाट चहाचे चमचे साखर, अर्धा सपाट चमचा मीठ. चमच्याने, बोटाने नाही. आणि बाळ मलूल झालं, पीत नसलं तर हेही करत बसू नका, दवाखाना गाठा.

आता चाणक्य. ‘त्याच्या मते प्रत्येकाचं अंगुळ सारखंच.’ त्याचा ‘अर्थशास्त्र’ हा ग्रंथ उघडलाय का कोणी? दुसऱ्या अधिकरणाच्या विसाव्या अध्यायात अंगुळ म्हणजे आठ जवांच्या मध्यभागाची रुंदी, किंवा *मध्यम* माणसाच्या मधल्या बोटाच्या मधल्या भागाची जाडी. माणसामाणसात फरक असतो हे त्याला ठाऊक होतं, म्हणून तर ‘मध्यम’. ‘हात’ही एक नाही: नेहमीचा 24 अंगुळांचा, सुतार-लोहारांचा 42 चा, जंगल मोजायचा 54 चा. वजनांच्या बाबतीत तर तो बोटांच्या नादीच लागत नाही. आधीच्याच अध्यायात वजनं लोखंडाची किंवा मगध-मेकलच्या दगडाची करायला सांगतो. चिमटीचा त्यात पत्ता नाही.

‘हात लांब धरा, क्षितिज आणि सूर्य यांच्यात चार बोटं मावली तर सूर्यास्ताला एक तास.’ हे उत्तरेकडच्या थंड देशांत बऱ्यापैकी जमतं, तिथे सूर्य तिरका उतरतो. आपल्याकडे तो जवळजवळ सरळ खाली जातो, चार बोटं म्हणजे साधारण अर्धा तास. या हिशोबाने राजगडावर थांबाल तर उतरताना टॉर्च लागेल.

भातावर पेरभर पाणी? रोजचं पातेलं, रोजचा तांदूळ असेल तर ठीक. पसरट भांड्यात वाटीभर तांदूळ घेऊन करा, पेज होईल.

एक मात्र नाइलाजाने कबूल. बोटाचं माप डॉक्टरही वापरतात, लपवत वगैरे नाहीत. मलमाची पट्टी तर्जनीच्या टोकापासून पहिल्या पेराच्या रेघेपर्यंत काढली की साधारण अर्धा ग्रॅम होतं, दोन पंजांएवढ्या त्वचेला पुरतं. पण तिथेही ट्यूबचं तोंड 5 मिलिमीटरचं लागतं, आणि मलम लेकराला लावायचं असलं तरी बोट मोठ्या माणसाचंच धरायचं.