ती खाजेची ट्यूब

मी फार्मासिस्ट आहे, भांडुपला स्टेशनजवळ एका मेडिकलमध्ये काउंटरला असते. पाऊस सुरू झाला की जांघेत, कमरेला गजकर्णाची, म्हणजे बुरशीमुळे होणारी खाज घेऊन येणाऱ्यांची रांगच लागते. बरेचसे पुरुष मला बघून बाहेरच घुटमळतात, शेठ आले की आत शिरून हळूच म्हणतात, ती खाजेची ट्यूब द्या ना. नाव माहीत नसतं, मोबाईलवर शेपटीपासून गुंडाळत आणलेल्या संपलेल्या ट्यूबचा फोटो असतो. मी डॉक्टरची चिठ्ठी मागितली की "ताई, नेहमीची आहे हो", आणि मग समोरच्या दुकानात जातात. तिथे मिळते.

त्या ट्यूबमध्ये काय असतं सांगते. बुरशीचं एक औषध, एखाददुसरं अँटीबायोटिक ज्याचा बुरशीशी काडीचा संबंध नाही, आणि क्लोबेटासोल, म्हणजे लावायच्या स्टिरॉइडमधलं सगळ्यात जोरदार. दोन दिवसांत खाज जाते ना, ती ह्याच्यामुळे. बुरशी दिसली की आपली कातडी तिच्याशी भांडते, लाल होते, खाजते. स्टिरॉइड ते भांडणच बंद पाडतं, त्यामुळे वरून सगळं शांत आणि बुरशी आतून निवांत पसरत राहते. मलम थांबवलं की दुप्पट खाज, की परत तीच ट्यूब, आणि वर लोक सांगत सुटतात की ह्याच औषधाने फरक पडतो! मग गजकर्णाची ती गोल कडासुद्धा राहत नाही, असलं बिघडलेलं चित्र घेऊन गेलं की डॉक्टरलाही पटकन ओळखू येत नाही.

जांघेतली कातडी मुळात पातळ, त्यात घडी आणि घाम, त्यामुळे औषध जास्तच शोषलं जातं. एक कॉलेजचा मुलगा मांडीवरचे पट्टे दाखवत होता, लाल-जांभळे, बाळंतपणानंतर पोटावर येतात तसे. असे पट्टे कालांतराने फिके होतात पण पूर्ण जात नाहीत. आणि हीच ट्यूब घरात लहान मुलांनाही लावतात, तेव्हा मात्र माझं डोकं फिरतं, कारण मुलांच्या अंगात ते रक्तापर्यंत जाऊन वाढीवर परिणाम करू शकतं.

2018 मध्ये सरकारने लावायची 14 स्टिरॉइडं शेड्यूल एच मध्ये आणली, म्हणजे डॉक्टरच्या चिठ्ठीशिवाय विकायची नाहीत. कागदावर. माझ्या मते दोष गिऱ्हाइकाचा नंतर, आधी आम्हा दुकानदारांचा आणि असलं मिश्रण बनवून विकणाऱ्यांचा. "लोक स्वच्छता पाळत नाहीत" हे तर मला ऐकवतच नाही. दहा बाय दहाच्या खोलीत पाच माणसं, जुलैत दोरीवर दोन दोन दिवस न वाळणारी जीन्स, वर लोकलचा घाम. दोनदा आंघोळ करणाऱ्यालाही होतंच.

आता तर बुरशीच हट्टी झालीय. ट्रायकोफायटन इंडोटिनी नावाची जात आहे, तिच्यात बदल झाल्यामुळे टर्बिनाफिन, जे आपलं हक्काचं औषध होतं, ते बऱ्याच जणांना लागू पडत नाही. 2023 मध्ये न्यूयॉर्कमध्येही तिचे पेशंट सापडले. स्टिरॉइडवाल्या आणि अर्धवट उपचारांनी तिचं फावलं असं बरेच त्वचारोगतज्ज्ञ म्हणतात आणि काउंटरवरून बघता मला ते पटतं.

म्हणून स्किनच्या डॉक्टरकडेच जा. केईएम, सायन, नायरला ओपीडी आहे, सकाळी लवकर जावं लागतं, खाडा पडतो, मान्य. पण वर्षभर ट्यूब घेण्यात गेलेले पैसे मोजा एकदा. गोळ्या किती आठवडे ते डॉक्टर सांगतील, खाज गेली म्हणून आठव्या दिवशी बंद करू नका. इट्राकोनॅझोल हे बुरशीचं औषध दिलं असेल तर कॅप्सूल जेवणानंतर घ्यायची, सोबत ॲसिडिटीची गोळी नको, आणि हार्टचा त्रास असेल तर आधीच सांगा. डॉक्टरने दिलेलं मलम चट्ट्याच्या बाहेर दोन बोटं तरी लावा. टॉवेल वेगळा, चड्डी-बनियन धुवून आतून इस्त्री, आणि कमरेचा करगोटा काही दिवस काढून ठेवा, ओला दोरा तिथेच घासत राहतो (आजी ओरडेल, ओरडू दे). घरात अजून कोणी खाजवत असेल तर त्यालाही दाखवा, नाहीतर एक बरा होतो आणि दुसरा परत देतो.

स्टिरॉइड वाईट नाही हां. एक्झिमाला, सोरायसिसला डॉक्टर देतात ते बरोबरच, माझी पोस्ट वाचून ते बंद करू नका. ट्यूबवरची अक्षरं बारीक असतात, फोनने झूम करून बघा: क्लोबेटासोल, बीटामेथासोन, बेक्लोमेथासोन, मोमेटासोन, ह्यातलं काही असेल तर गजकर्णावर लावायचं नाही.

आणि इनबॉक्समध्ये जांघेचे फोटो पाठवू नका प्लीज, मी डॉक्टर नाही.