जैन धर्म बौद्ध धर्माची शाखा नव्हे, आणि अहिंसेने देश दुबळाही झाला नाही

महावीर जयंती आणि बुद्धपौर्णिमा जवळ आली की एक मजकूर हमखास फिरू लागतो. त्याचा आशय असा : जैन धर्म ही बौद्ध धर्माचीच एक शाखा, तो महावीरांनी स्थापन केला, हे दोन्ही धर्म म्हणजे क्षत्रियांनी ब्राह्मणांविरुद्ध केलेले बंड, आणि त्यांच्या अहिंसेमुळे, विशेषतः अशोकाने सैन्य मोडीत काढल्यामुळे, देश परकीयांपुढे उघडा पडला. या चारही विधानांना मूळ साधनांचा आधार मिळत नाही.

‘शाखा’ हा समज एकोणिसाव्या शतकातील काही युरोपीय अभ्यासकांचा. जर्मन अभ्यासक हर्मान याकोबी यांनी बौद्धांचे पाली आणि जैनांचे अर्धमागधी ग्रंथ शेजारी ठेवून तपासले आणि 1884 मध्ये प्रसिद्ध झालेल्या आपल्या जैन सूत्रांच्या भाषांतराच्या प्रस्तावनेत तो खोडून काढला. आपण मात्र याकोबींच्या शब्दावरही विसंबण्याची गरज नाही, कारण सर्वांत भक्कम साक्ष खुद्द बौद्धांच्या त्रिपिटकात आहे. दीघनिकायातील सामञ्ञफलसुत्तात मगधाचा राजा अजातशत्रू बुद्धांना सांगतो की आपण याआधी सहा आचार्यांना प्रश्न विचारून आलो. त्यांत आजीवक नावाच्या श्रमण पंथाचा मक्खली गोसाल आहे, देहाबरोबर सारे संपते असे म्हणणारा अजित केसकंबली आहे आणि निगंठ नातपुत्तही आहेत. निगंठ म्हणजे निर्ग्रंथ आणि नातपुत्त म्हणजे ज्ञातृपुत्र, अर्थात ज्ञातृ कुळातील वर्धमान महावीर. मज्झिमनिकायातील सामगामसुत्तात तर महावीर पावा येथे नुकतेच निवर्तल्याची आणि त्यांच्या अनुयायांत भांडणे लागल्याची वार्ता बुद्धांच्या कानावर येते. ही सारी भाषा एका संघाने दुसऱ्या, प्रतिस्पर्धी संघाविषयी वापरलेली आहे. बुद्धांचाच नातलग आणि शिष्य देवदत्त याने संघात पाडलेली फूट बौद्ध ग्रंथ लपवत नाहीत, किंबहुना ती तपशिलाने सांगतात. निर्ग्रंथही असेच फुटून निघाले असते तर त्याविषयी हे ग्रंथ गप्प बसले नसते.

विचारांचे अंतरही लहान नाही. उपालिसुत्तात नालंदा येथे निर्ग्रंथांचा अनुयायी उपाली बुद्धांशी वाद घालायला जातो, तो नेमका याच अंतरावरून : निर्ग्रंथांच्या मते शरीराने घडलेले कर्म सर्वांत भारी, बुद्धांच्या मते मनाने केलेले. जैन दर्शन प्रत्येक देहात स्वतंत्र जीव मानते, तर बौद्ध दर्शन अनात्मवादावर, म्हणजे कायमचा आत्मा नाही या विचारावर, उभे आहे.

‘महावीरांनी स्थापना केली’ हे विधान पाठ्यपुस्तकी सोयीचे आहे, पण जैन परंपरेला ते मान्य नाही, आणि इथे परंपरेच्या बाजूने चांगला पुरावा आहे. आचारांग सूत्र महावीरांच्या आईवडिलांना त्यांच्या आधीचे तीर्थंकर पार्श्वनाथ यांचे उपासक म्हणते. उत्तराध्ययन सूत्राच्या तेविसाव्या अध्ययनात श्रावस्तीच्या तिंदुक उद्यानात पार्श्वपरंपरेचे केशी मुनी आणि महावीरांचे शिष्य इंद्रभूती गौतम भेटतात. (हे गौतम म्हणजे बुद्ध नव्हेत.) केशी सरळ विचारतात : ध्येय जर एकच, तर पार्श्वांची व्रते चार आणि महावीरांची पाच, असे का? त्यांचे साधू वस्त्र वापरतात, यांचे नाही, ते का? हा प्रसंग मला फार महत्त्वाचा वाटतो. नव्याने निघालेल्या पंथाला आपल्या व्रतांची जुन्या व्रतांशी अशी जाहीर सांगड घालावी लागत नाही. ज्याच्या घरात आधीचे नियम पाळणारी वडील मंडळी बसलेली असतात, त्यालाच ती घालावी लागते.

आता ‘क्षत्रियांचे बंड’. बुद्ध आणि महावीर क्षत्रिय कुळांतले होते, वेदप्रामाण्य आणि यज्ञातील पशुहत्या दोघांनीही नाकारली, एवढे खरे. पण महावीरांचे अकराही गणधर, म्हणजे प्रमुख शिष्य, जन्माने ब्राह्मण होते. बुद्धांचे अग्रशिष्य सारिपुत्त आणि मोग्गल्लान ब्राह्मण होते, तर विनयाचा, म्हणजे भिक्खूंच्या नियमांचा, जाणकार म्हणून गाजलेला दुसरा उपाली न्हावी होता. आणि पुढच्या काळातील जनव्यवहार पाहायचा असेल तर नाशिकच्या पांडवलेण्यांतील तिसऱ्या क्रमांकाच्या लेण्यात जावे. गौतमी बलश्रीने ते बौद्ध भिक्खूंना दान दिले, आणि तिथल्या लेखात तिचा पुत्र गौतमीपुत्र सातकर्णी याला ‘एकबम्हण’, म्हणजे अद्वितीय ब्राह्मण, आणि ‘खतियदपमानमदन’, म्हणजे क्षत्रियांचा दर्प आणि मान उतरवणारा, म्हटले आहे. बौद्ध विहाराच्याच भिंतीवर ही बिरुदे कोरली गेली, यातच या सिद्धान्ताची अडचण दिसते.

राहिला अशोक. कलिंगयुद्धाचा पश्चात्ताप सांगणाऱ्या तेराव्या शिलालेखातच तो अटवीतील, म्हणजे रानातील, लोकांना बजावतो की पश्चात्ताप झाला असला तरी राजाच्या हाती बळ आहे. कलिंग त्याने परत केला नाही. चौथ्या स्तंभलेखात तो देहदंड झालेल्या कैद्यांना तीन दिवसांची मुदत देतो. म्हणजे देहदंड चालूच होता. सैन्य मोडल्याचा उल्लेख त्याच्या एकाही लेखात नाही, आणि अखेरचा मौर्य राजा बृहद्रथ याला सेनापती पुष्यमित्राने मारले ते सैन्य दाखवण्याच्या निमित्ताने, असे बाणभट्टाच्या हर्षचरितात आहे.

जैन अहिंसेबाबत तर आपल्याच भाषेतला पुरावा आहे. जैन आचार गृहस्थाची अणुव्रते आणि साधूची महाव्रते वेगळी मानतो. संकल्पपूर्वक केलेली हिंसा गृहस्थाने टाळायची असते, पण राज्याच्या रक्षणासाठी शस्त्र धरणे त्याला वर्ज्य नसते. श्रवणबेळगोळला बाहुबलीच्या विराट मूर्तीच्या पायांशी अक्षरे आहेत : ‘श्रीचावुण्डराजें करवियलें’, आणि पुढे ‘श्रीगंगराजे सुत्ताले करवियले’. मूर्ती घडवून घेणारा चावुंडराय गंग राजघराण्याचा सेनापती होता आणि ‘समरपरशुराम’ हे त्याचे बिरुद होते. भोवतीचे सुत्ताले, म्हणजे आवार, बांधणारा गंगराज हा होयसळ राजा विष्णुवर्धनाचा सेनापती. त्यानेच तलकाड चोळांकडून जिंकून घेतले. दोघेही जैन होते.