फक्त नाव जरा मोठं करा

राज्य नाट्य स्पर्धेचा अर्ज भरून झाला, तालमीला कुणाची तरी गच्ची मिळाली, कालिदास कलामंदिरातली तारीखही हाती आली, की संस्थेचे कार्यवाह म्हणून तुमच्यापुढे एकच संकट उरतं. पोस्टर. घाबरू नका. नाशकात हे काम ज्या रीतीनं वर्षानुवर्षं निर्विघ्न पार पडत आलंय, ती रीत सांगतो.

आधी माणसं दोन शोधा. एक चित्र काढणारी आणि एक अक्षरं काढणारा. शक्यतो ती गंगापूर रोडला राहणारी आणि तो पंचवटीतला बघा, म्हणजे मध्ये गोदावरी येते. एकाचा नंबर दुसऱ्याला देऊ नका. ही माणसं भेटली की चहा पितात, चहा झाला की संहिता मागतात आणि संहिता वाचली की त्यांना मतं येतात. मतांना दिग्दर्शक एकटा पुरून उरतो, त्यात भर कशाला?

समजा, नाटकाचं नाव आहे ‘उद्ध्वस्त’. जुन्या नाशकातला पडका वाडा, वाटणीवरून अडून बसलेले तीन भाऊ. आता ते दोघं चुकून भेटलेच तर काय होतं बघा. ती म्हणते, चेहरे नकोत, मी नुसता वाड्याचा चौक काढते. तो म्हणतो, मग मी शिरोरेषेचीच तुळई करतो, ‘द्ध्व’वर मोडलेली, ‘स्त’ तिला कसाबसा लोंबकळतोय. लगेच ती चित्रातलं ऊन त्या मोडलेल्या जागेतून खाली आणते. झाली पंचाईत! अक्षरं हलवावीत तर उन्हाला वाट नाही, चित्र बदलावं तर तुळई अधांतरी. असल्या पोस्टरवर प्रायोजकाचा लोगो लावायचा कुठे? शिवाय बघणाऱ्याला नाव वाचायच्या आधीच नाटकाची कळ जाणवणार. मग तिकीट काढून आत येऊन तो करणार काय?

कुणीतरी जुना माणूस कमल शेडग्यांचं नाव काढेल. काढू द्या. शेडग्यांनी (१९३५–२०२०) मराठी नाटकांची नावं हातानं काढली, आणि वर्तमानपत्रातल्या कॉलमभर जागेत, अक्षरांच्या वळणावरूनच, नाटक गंभीर आहे की फार्स हे ओळखू यायचं. खरं आहे. पण त्या काळी लोकांना पेपर वाचायला वेळ होता, असं म्हणा आणि विषय बदला.

तुमच्याकडे फॉन्ट आहेत. ‘एक टाइप’ या फॉन्ट करणाऱ्या मंडळींचा ‘मोदक’ मोफत मिळतो. अक्षरं इतकी गुबगुबीत, की आतली पोकळी म्हणजे नुसती रेघ. आनंदी मजकुरासाठी झकास फॉन्ट आहे, म्हणून आपण तो शोकांतिकेला वापरायचा. ‘द्ध्व’ त्यात असा काही फुगतो की वाडा पडला नसून जेवून उठलाय असं वाटावं. तोही नको असेल तर ‘मंगल’ घ्या. र. कृ. जोशींनी तो संगणकाच्या पडद्यावर बारीक अक्षर नीट वाचता यावं म्हणून केला. तेव्हा दहा फुटी फ्लेक्सवर ताणायला त्याच्याइतका सोयीचा दुसरा नाही. खाली पत्त्यातलं ‘शालिमार’ हिंदी वळणाच्या श आणि ल मध्ये आलं तर येऊ द्या. रिक्षावाला तरीही नेतोच.

फाईल छापखान्यात पाठवताना अक्षरं कर्व्ह करू नका, म्हणजे फॉन्टची अक्षरं नुसत्या रेषांच्या आकारात बदलू नका. ऑपरेटरच्या मशीनवर तो फॉन्ट नसतो, मग जोडाक्षरं सुटी होतात, पाय मोडलेले द् आणि ध् रांगेनं उभे राहतात आणि ‘उद्ध्वस्त’ हे नाव पहिल्यांदाच सार्थ होतं. इतका परिणाम अक्षरकाराला चार रात्री जागूनही साधला नसता. चित्र व्हॉट्सॲपवर फोटो म्हणून पाठवा. डॉक्युमेंट म्हणून पाठवलं तर सगळे बारकावे शाबूत राहतात आणि चित्रकार पुढच्या वेळी शेफारते. कडेला कटिंगसाठी तीन मिलिमीटर जास्तीची जागा सोडा, असं ती सांगेल. तिथे प्रमुख पाहुण्यांचं नाव बसवा. पडद्यावरचा झगझगीत निळा कागदावर मळकट का उतरला, हे तिला छापून आल्यावरच विचारा, आधी नाही. दादासाहेब फाळके सिनेमात यायच्या आधी छपाईच्या धंद्यात होते, शाई आणि चित्र दोन्ही त्यांना कळायचं. आपल्या जिल्ह्यात त्र्यंबकेश्वरला जन्मले म्हणून आपल्यालाही ते उपजतच कळतं, या समजावर ठाम राहा.

आता नावं. इथे घाई नको, कारण पोस्टरचा खरा मजकूर हाच. अध्यक्ष, उपाध्यक्ष, खजिनदार, ज्यांची गच्ची वापरली ते, ज्यांनी गच्चीची किल्ली दिली ते. सगळ्यांचे फोटो गोल करून वरच्या ओळीत लावा. लग्नातला फोटो चालेल, गळ्यातला हार कापता आला तर बघा. लेखकाचं नाव नेपथ्य-साहाय्याच्या आसपास कुठेतरी सामावून घ्या. उरलेल्या जागेत चौक मावत नाही म्हणून चित्रकार कुरकुरली, तर तिला प्रेमानं सांगा, ‘ताई, चित्र छानच आहे, फक्त मागे जरा फिकट करून टाक.’ अक्षरकाराला सांगायचं वाक्य वेगळं: ‘दादा, बाकी सगळं तसंच, फक्त नाव जरा मोठं करा.’ कुणाचं, ते तो विचारेल. सांगू नका. रात्री साडेअकराला व्हॉइस नोट पाठवा.

फायनल झाल्यावर पोस्टर समितीच्या ग्रुपवर टाका. सव्वीस अंगठे येतील आणि एक जण तारीख चुकल्याचं सांगेल. ती पेनानं दुरुस्त होते.

मानधनाचा विषय प्रयोगानंतर काढावा, तोवर हिशेब बंद झालेला असतो. दोघांना एकेक पास द्या आणि स्टेजवर बोलावून नारळही द्या, फक्त नावं विचारून घ्या, कारण ती पोस्टरवर सापडणार नाहीत. पुढच्या वर्षी नवं नाटक ठरलं, की संहिता लिहून व्हायच्या आत अक्षरकाराला फोन करा. ‘गेल्या वर्षीची ओपन फाईल आहे ना तुमच्याकडे? तीच द्या पाठवून. फक्त नाव बदलायचंय, ते आमचा भाचा करतो.’