खाण संपल्यावर गावात कोण उरते?

आलापल्लीला राहणाऱ्या माझ्या मावसभावाने परवा फोनवर सुनावले, "दादा, तिकडे कॅनडात सास्काटूनला बसून सुरजागडवर बोलणं सोपं आहे. इथल्या पोरांना पहिल्यांदाच महिन्याच्या महिन्याला पगार मिळतोय." त्याचे म्हणणे मला खोडून काढता येत नाही. गडचिरोलीच्या एटापल्ली तालुक्यातील त्या लोहखनिजाच्या डोंगरावरून रोजगार विरुद्ध जंगल, आदिवासींचा ठाकूरदेव आणि ग्रामसभेचे हक्क असा वाद गेली कित्येक वर्षे चालू आहे आणि दोन्हीकडची भाषणे मी मोबाइलवर ऐकत असतो. मात्र सगळा जोर खाण असावी की नसावी यावरच लागतो. ती संपेल त्या दिवसाचा विषय क्वचितच निघतो. मला तो सुचतो, कारण मी युरेनियम सिटी पाहिली आहे.

नावात 'सिटी' असले, तरी २०२१ च्या जनगणनेत तिथे ९१ माणसे होती. कॅनडातील सस्कॅचेवान प्रांताच्या उत्तर टोकाला, अथाबास्का सरोवराच्या वर वसलेल्या या गावाला बारमाही रस्ता नाही. एरवी विमान आणि कडाक्याच्या थंडीत गोठलेल्या सरोवरावरची वाट, एवढेच मार्ग. १९८१ च्या डिसेंबरात एल्डोराडो या सरकारी कंपनीने बीव्हरलॉज खाण बंद करत असल्याचे जाहीर केले आणि पुढच्या जूनअखेर कामही थांबवले. तेव्हा गावात सुमारे अडीच हजार लोक होते. कॅनडाच्या अणुभट्टीवरून नाव दिलेले कॅन्डू हायस्कूल तेव्हा जवळजवळ नवे होते. मी गेलो त्या सप्टेंबरात त्याच्या खिडक्यांना काचा नव्हत्या आणि शेजारच्या गल्लीत एका घराच्या पायरीतून उगवलेला बर्च छपराच्या वर गेला होता. बाकी घरेही अशीच झाडीत बुडालेली. रस्त्याची आखणी तेवढी कळते.

इथे येऊन प्रथम मलाही वाटले होते की खाण संपली, लोक निघून गेले, मिटला प्रश्न. पण ज्यांना जायला दुसरे गाव होते, तेच निघून गेले. मेटी आणि डेने या मूळनिवासी लोकांचा हा मुलूख खाणीच्या कितीतरी आधीपासूनचा आहे; त्यांनी जायचे कुठे? सुरजागडच्या माडिया आदिवासींना हा प्रश्न अधिकच लागू पडतो, कारण खाणीवरचा इंजिनिअर उद्या ओडिशात नोकरी धरील, डोंगराखालचे गाव मात्र जागचे हलणार नाही.

आता खर्चाचे पाहा. युरेनियम सिटीजवळच सरोवराकाठी गनर नावाची खाण होती. १९५५ ते १९६३ अशी जेमतेम आठ-नऊ वर्षे ती चालली आणि साफसफाई न करताच सोडून दिली गेली. मालक कंपनी पुढे उरलीच नाही. २००६ मध्ये केंद्र आणि प्रांत यांनी सफाईचा खर्च निम्मा-निम्मा वाटून घ्यायचे ठरवले, तेव्हा अंदाज होता २ कोटी ४६ लाख डॉलरचा; तो पुढे दहापटीच्या आसपास फुगला आणि वाढीव पैसे कोणी द्यायचे यावरून २०१८ मध्ये प्रांताने केंद्रालाच कोर्टात खेचले. आठ-नऊ वर्षांच्या कमाईचे उष्टे अर्धशतकानंतर करदाते काढत आहेत, आणि त्यांत आता मीही आलो.

'परदेशात सगळे शिस्तीत चालते' असे गावी ठासून सांगणाऱ्यांत मी पूर्वी होतो, हे कबूल करतो. उलट कागदावर तरी आपण त्या काळच्या कॅनडाच्या पुढे आहोत. आपल्याकडे खाण बंद करण्याचा आराखडा आधीच मंजूर करून घ्यावा लागतो आणि त्यापोटी कंपनीला आर्थिक हमी द्यावी लागते. म्हणून खाणीच्या बाजूने बोलणाऱ्या माझ्या भावाशी मी वाद घालत नाही. मला एवढेच वाटते की हा आराखडा आणि हमीची रक्कम माडिया व मराठीत ग्रामसभेपुढे वाचली जावी, खड्ड्याचे काय होणार, ओढ्यात उतरणारी लाल माती कोण अडवणार, हे तिथे विचारले जावे. पगार चालू आहे तोवरच या प्रश्नाला वजन आहे.

भावाला मी विचारले, "तो आराखडा तू पाहिलास का?" तो थोडा वेळ गप्प राहिला. मग म्हणाला, "मी तरी नाही, दादा. नागपूरच्या ऑफिसात असेल."