दम लागतो म्हणून बसवून ठेवू नका

सीओपीडी या फुफ्फुसांच्या दीर्घ आजाराविषयी वडोदऱ्याच्या नातेवाइकांशी बोलणे झाले की चर्चा दोनच प्रश्नांभोवती फिरते: श्वासातून औषध घेण्याच्या पंपाची (इनहेलरची) सवय लागते का, आणि ऑक्सिजनचे यंत्र घरी आणून ठेवावे का. पंपाने व्यसन लागत नाही. घरच्या ऑक्सिजनचा खरा उपयोग रक्तातला ऑक्सिजन कायम फार कमी असणाऱ्यांना, आणि तोही रोज किमान १५ तास घेतला तर होतो. मला खटकते ते हे की रुग्णाने स्वतः काय शिकावे आणि किती चालावे, हा प्रश्न या चर्चेत येतच नाही.

इंग्लंडमध्ये मी राहते त्या लेस्टर शहरात अशा रुग्णाला औषधांबरोबर पल्मनरी रिहॅबिलिटेशनसाठी, म्हणजे फुफ्फुसांच्या रुग्णांच्या व्यायाम-शिक्षणाच्या वर्गाला, पाठवतात. सहा ते आठ आठवडे, आठवड्यातून दोनदा, चालणे, हातापायांचे व्यायाम आणि आजाराची माहिती असा हा क्रम असतो. रुग्णाची चालण्याची क्षमता मोजणारी, दहा मीटरच्या फेऱ्यांची शटल वॉक चाचणी याच शहरात विकसित होऊन १९९२ मध्ये प्रसिद्ध झाली. तिला लागते दहा मीटर मोकळी जागा, दोन खुणा आणि ध्वनिमुद्रित इशारे.

आपल्याकडे माया म्हणून आजारी माणसाला उठू देत नाहीत. पाण्याचा पेलासुद्धा हातात आणून देतात. दम लागतो म्हणून माणूस बसतो, बसल्याने मांड्यांचे स्नायू दुबळे होतात, आणि दुबळे स्नायू थोड्याच श्रमात थकून जास्त श्वास मागतात, म्हणून पुढच्या वेळी जिन्याच्या चौथ्या पायरीवर लागणारा दम दुसऱ्याच पायरीवर लागतो. व्यायामाने खराब झालेले फुफ्फुस सुधारत नाही, हे स्पष्ट सांगितले पाहिजे; सुधारतात ते स्नायू, चालणे आणि धीर. कॉक्रेन या वैद्यकीय संशोधन पडताळणाऱ्या संस्थेच्या २०१५ च्या आढाव्यात अशा व्यायामक्रमांच्या ६५ वैद्यकीय प्रयोगांतल्या ३,८२२ रुग्णांची माहिती एकत्र तपासल्यावर दम, थकवा आणि चालण्याची क्षमता या तिन्हींत ठोस फायदा दिसला.

शिक्षणाचे महत्त्व पंपापासूनच कळते. फवाऱ्याचा पंप सावकाश ओढायचा असतो, तर कॅप्सूल घालून घ्यायचा पावडरचा पंप जोराने आणि खोल. दोन्हींनंतर श्वास सुमारे दहा सेकंद रोखायचा आणि स्टेरॉइड असेल तर चूळ भरायची. रुग्णाकडून हे प्रत्यक्ष करवून घेतले नाही तर महागडे औषध घशातच राहते. कफाचा रंग बदलला किंवा दम नेहमीपेक्षा वाढला तर काय करायचे, हेही त्याच्याजवळ लिहून ठेवलेले असावे.

इंग्लंडमधली व्यवस्था आदर्श आहे असे माझे म्हणणे नाही. प्रतीक्षायादी लांब असते, आणि नाव नोंदवूनही अनेक जण क्रम पूर्ण करत नाहीत. वडोदऱ्यात छातीचे डॉक्टर पुष्कळदा त्याच दिवशी भेटतात आणि सोबतीला घरचे माणूस असते. या बाबतीत आपण पुढे आहोत.

‘तिकडचे इकडे चालत नाही’ हे मात्र मला पटत नाही. वडोदऱ्याच्या महाराज सयाजीरावांनी १९०६ मध्ये राज्यभर प्राथमिक शिक्षण सक्तीचे केले, आणि प्रोफेसर माणिकरावांच्या जुम्मादादा व्यायाममंदिराने तिथल्या मराठी घरांना व्यायामाची गोडी लावली. अशा शहरात रुग्णांना शिकवणे आणि चालवणे परके का वाटावे? एखाद्या व्यायामशाळेची सकाळची रिकामी वेळ, प्रशिक्षित फिजिओथेरपिस्ट, बोटाला लावायचा ऑक्सिमीटर आणि काही खुर्च्या एवढ्यावर वर्ग सुरू होऊ शकतो. हृदयविकार असणाऱ्यांची आधी डॉक्टरांकडून तपासणी व्हावी, एवढी अट पाळावी. आजार बळावून रुग्णालयात राहिलेल्यांनी घरी आल्यापासून चार आठवड्यांच्या आत हा व्यायामक्रम सुरू करावा, अशी इंग्लंडमधली शिफारस आहे. म्हणून डिस्चार्जच्या वेळी औषधांची यादी हातात घेताना, व्यायाम कोण शिकवणार आणि कधीपासून, हे घरच्यांनी डॉक्टरांना आग्रहाने विचारावे.